काम झालं नाही त्यांचीही साक्ष

सगळ्यांना सलाम. मागे आवाज येतोय ना? पंखा जरा जास्तच वाजतोय पण बंद केला तर तुम्हीच उठून जाल.

विषय दिलाय देवावर भरवसा आणि जीवनातले अनुभव. यावर बोलायचं म्हटलं की पंडिता रमाबाईंचं नाव येतंच, मीही घेणार आहे, पण आपण त्यांची गोष्ट सांगतो कशी, तर पुण्याजवळच्या केडगावला त्यांचा मुलीबायकांसाठीचा आश्रम, मुक्ती मिशन, उभा राहिला, शेकडो मुलींना आसरा मिळाला, प्रार्थनेला उत्तर आलं, हालेलुया, बसा खाली. मधलं सगळं गाळून.

मधलं काय होतं? अख्खं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत, उपासतापास करत वर्षानुवर्षं पायी फिरलेलं. मग दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास १८८० ला गेला, त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं आणि १८८२ ला नवराही कॉलऱ्याने गेला, पदरात लहानगी मनोरमा. बाईंचं वय तेवीस.

आता कुणीतरी म्हणेल की पुढे मोठं काम करून घ्यायचं होतं म्हणून देवानेच हे घडवलं. मला हे वाक्य पटत नाही, स्पष्टच सांगतो. मयताच्या घरी जाऊन "देवाची योजना असते" म्हणणारे आपल्यात खूप आहेत, त्यात बोलणाऱ्याचं समाधान होतं, ज्याचं माणूस गेलंय त्याचं काय?

पण पुढचं बघा. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या, उपाशी मुली बघितल्या आणि स्वतःची भूक आठवली, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मुलींना घेऊन आल्या, पुण्यात प्लेगमुळे ठेवता येईना तर केडगावच्या जमिनीवर नेलं. ज्या भुकेच्या दिवसांत काहीच उत्तर आलं नव्हतं तेच दिवस इथे कामाला आले. का आले ते मी सांगू शकत नाही, आले एवढं दिसतं.

आणि रमाबाईंचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेश, १८८३ ला झालेला, इंग्लंडमध्ये. त्यांचंच म्हणणं आहे की आठेक वर्षांनी कळलं, ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! आपल्याला आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर आपण चर्च बदलायचा विचार करतो. पुढे मनोरमाच काम सांभाळणार असं सगळे धरून चालले होते, तर १९२१ ला तीच आईच्या आधी गेली, आणि १९२२ ला बाई. मनोरमासाठी मुक्तीत प्रार्थना कमी पडली असेल का? मला नाही वाटत.

आपल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या मी वाचतो. नीटचा स्कोअर, पुण्याला बदली, डायलिसिस, व्हिसा. एकीत तर बँकेच्या हप्त्याची तारीखसुद्धा होती, म्हणजे देवाला डेडलाईन. हसू नका, मला ती चिठ्ठी आवडली. मागावं माणसाने. गेथशेमाने बागेत येशूने आधी मागितलंच ना, हा प्याला, म्हणजे पुढचं दुःख आणि मरण, टळू दे, आणि मग म्हणाला तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपण थेट दुसऱ्या वाक्यावर उडी मारतो कारण ते जास्त धार्मिक वाटतं. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचं एक दुखणं, जावा म्हणून तीनदा मागितलं, काटा काही निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढंच उत्तर. आणि स्तोत्र ८८ घरी काढून वाचा, तिथे शेवटी "पण देवाने ऐकलं" असं काही येतच नाही, अंधारातच संपतं, तरी ते बायबलमध्ये आहे. तक्रारच आहे सगळी, फक्त ती देवाकडे केलेली आहे, आणि मला विचाराल तर भरवसा तिथेच आहे.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत, त्यांना विचारून सांगतोय, त्या वहीत प्रार्थना लिहितात. जुन्या पानांवर प्रत्येक ठिकाणी एकच, मुलाची दारू सुटू दे. नंतरच्या पानावर, तो रात्री येईल तेव्हा शिव्या न देता ताट वाढता येऊ दे. मग अजून पुढे, सुनेला माहेरी जायचं असेल तर माझ्या तोंडून टोमणा निघू नये. आता ही वही बघून मला म्हणायचंय काय, तर अनुभवातून शिकणं म्हणतात ते हेच, मागणं बदलत गेलं आणि सुनेला घरात श्वास घेता येऊ लागला. मुलगा अजून पितो.

अशा आजी आपल्या साक्षीच्या सभेत, म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगतात त्या सभेत, कधी उभ्या राहत नाहीत कारण सांगायला "झालं" असं काही नाही. पास झालेला उभा राहतो, बरा झालेला उभा राहतो, टाळ्या वाजतात. तर पाळकसाहेब, पुढच्या सभेत ज्यांचं काम अजून झालेलं नाही त्यांनाही दोन-दोन मिनिटं द्या. आणि ते खाली बसले की बाकीच्यांनी त्यांना कोपऱ्यात गाठून सल्ले द्यायचे नाहीत, चहा द्या.