लक्ष्यावर माहितीपट काढायचा तर

मागच्या खुर्च्यांपर्यंत आवाज येतोय ना? बरं. आयोजकांनी विषय दिला होता ‘लोकांच्या लाडक्या विनोदी नटावरचा माहितीपट’ आणि मी म्हटलं मग लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या, दुसऱ्या कोणावर बोलायला मला जमणार नाही. मी एडिटिंग करतो, दुसऱ्यांनी शूट केलेलं कापायचं आणि जोडायचं हा माझा धंदा, तेव्हा समीक्षा वगैरे काही अपेक्षा ठेवू नका.

असले माहितीपट कसे सुरू होतात माहितीये तुम्हाला. जुना फोटो, त्यावर हळूहळू झूम, खाली बासरी, आणि एक जड आवाज येतो की सगळ्यांना हसवणारा हा माणूस आतून मात्र... तिथंच मी रिमोट शोधायला लागतो. अरे दुःख कोणाला नसतं, बँकेतल्या कॅशियरलाही असतं, त्याच्यावर कोणी बासरी वाजवत नाही. लक्ष्या १६ डिसेंबर २००४ ला गेला, किडनीचा आजार होता, वय अवघं ५०, वाईट झालं आणि आपल्या सगळ्यांनाच चटका बसला, पण हे सांगायला दोन मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ त्याने काम काय केलं आणि कसं केलं ते दाखवा ना, ते कोणी दाखवतच नाही, कारण दुःख दाखवायला सोपं असतं आणि कॉमेडीचं काम दाखवायला डोकं लागतं.

मी काढला तर गिरगावातून सुरू करीन. २६ ऑक्टोबर १९५४ चा जन्म, वाढला गिरगावात, आणि पुढे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला लागला. आता साहित्य संघ म्हणजे केळेवाडीतलं ते थिएटर, नाटकवाल्यांचा सततचा राबता, तिथं नोकरी करणारा पोरगा नाटक तिकीट काढून बघत नाही, त्याच्या आजूबाजूला ते रोज चालूच असतं. छोटीमोठी कामं करत राहिला, नाव झालं ते १९८३ च्या ‘टूरटूर’ने, पुरुषोत्तम बेर्डे यांचं नाटक. मग १९८४ ला ‘लेक चालली सासरला’, १९८५ ला महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’, १९८८ ला ‘अशी ही बनवाबनवी’, हे तुम्हाला पाठ आहे, मी यादी वाचत बसत नाही.

मला ज्यात इंटरेस्ट आहे ते वेगळंच आहे. तुमच्यातले जे ठाण्यात गडकरी रंगायतनला नाटकं बघत मोठे झाले, तलावपाळीवर भेळ खाऊन तिसऱ्या घंटेला आत पळणारे, त्यांना हे लगेच कळेल. नाटकात हशा आला की पुढचं वाक्य थांबवावं लागतं, नाहीतर ते हशात बुडतं, आणि फार थांबलात तर प्रयोग पडतो, म्हणजे हा अर्ध्या-पाऊण सेकंदाचा हिशोब असतो आणि तो रोजचं पब्लिक ठरवतं, रविवार दुपारचं वेगळं, आडदिवसाच्या रात्रीचं वेगळं. सिनेमाच्या सेटवर मात्र कोणी हसत नाही, हसायचंच नसतं, साउंड चालू असतो. मग नटाने थांबायचं किती? लक्ष्याचं कुठलंही गाजलेलं काम आवाज बंद करून बघा, मी कामाच्या निमित्ताने बघितलंय, तो ती हशाची जागा चेहऱ्याने भरून काढतो. पापण्या फडफडतात, बोलायला तोंड उघडतो आणि बंद करतो, मान आधी वळते आणि डोळे मागाहून येतात. थिएटरमधलं पब्लिक हसत असतं तेव्हा पडद्यावर काहीतरी चालू असतं पण महत्त्वाचा शब्द एकही बुडत नाही. लोक याला वेडेवाकडे चाळे म्हणायचे, मला विचाराल तर तो हिशोब आहे आणि तो नाटकात पक्का झालेला आहे.

दुसरं उदाहरण १९९३ चा ‘झपाटलेला’. त्यातला तात्या विंचू, म्हणजे गुंडाचा आत्मा शिरलेला बाहुला, रामदास पाध्यांनी बनवलेला, म्हणजे ज्यांचे अर्धवटराव आपण लहानपणापासून बघतोय ते पाध्ये. पोरं बाहुल्याला घाबरली हे खरं, पण एडिटिंगच्या टेबलावर बसलात की कळतं की बाहुला एकटा फार काही करू शकत नाही, त्याचं तोंड हलतं, मान हलते, संपलं. तो जिवंत आहे हे आपल्याला लक्ष्याच्या डोळ्यांवरून पटतं, कारण तो बाहुल्याकडे वस्तू म्हणून एकदाही बघत नाही. बाहुल्याचा शॉट, मग लक्ष्याचा शॉट, मग परत बाहुल्याचा, यातला मधला काढून टाका, उरतं ते खेळणं. समोरून काहीही परत मिळत नसताना घाबरायचं आणि वर त्या घाबरण्याचं हसू यायला पाहिजे, करून बघा घरी आरशासमोर.

हिंदीबद्दल थोडक्यात बोलतो कारण मला राग येतो. ‘मैंने प्यार किया’ १९८९, ‘हम आपके हैं कौन’ १९९४, प्रचंड चालले, देशभर चेहरा पोचला, पण वाट्याला काय तर घरातला नोकर नाहीतर हिरोचा दोस्त. इकडे ज्याच्या नावावर पिक्चर चालायचे तो तिकडे बाजूला उभा. पैसे मिळाले असतील, ते बरोबरच आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही.

आणि ‘एक होता विदूषक’, १९९२. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पटकथा पुलंची, गाणी ना. धों. महानोरांची, लक्ष्या त्यात तमाशातून सिनेमाचा स्टार झालेला आबूराव. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गल्ल्यावर मात्र पडला. माहितीपटवाले इथं हमखास बासरी काढणार, की बघा, प्रेक्षकांनी कलावंताला गंभीर होऊ दिलं नाही. मला ते अर्धंच पटतं. तिकीट काढणाऱ्याने हसायचे पैसे दिले होते, त्याला दोष काय देणार, आणि त्यात लक्ष्या चांगला का आहे तर फडावरची सोंगं तो खरोखर हसवून करतो म्हणून, रडतो म्हणून नाही.

आता खरी अडचण सांगतो. सिनेमे आहेत, त्यांचे हक्क वेगवेगळ्या निर्मात्यांकडे, प्रत्येक तुकड्याला वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे, हे जमवता येतं. नाटकाचं काय करायचं? नाटकातला लक्ष्या, ज्याच्यावर मी इतका वेळ बोललो, तो फार थोडा शूट झालाय. टीव्हीवर त्या काळात टेप महाग असायच्या म्हणून जुनं पुसून त्याच टेपवर नवं रेकॉर्ड करायची पद्धतच होती. पुण्याचं फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून आहे, पण ते फिल्मचं, मराठी नाटकासाठी तसं वेगळं काही उभं राहिलेलं माझ्या तरी माहितीत नाही.

तेव्हा तुमच्याकडे, कोणाच्या माळ्यावर, गणेशोत्सवातल्या प्रयोगाची किंवा कुठल्या सत्काराची व्हीएचएस कॅसेट असेल तर ती भंगारात देऊ नका, आणि मेहेरबानी करून जुन्या प्लेयरमध्ये घालून ‘चालते का बघू’ असंही करू नका, बुरशी असली तर टेप हेडला चिकटते, तुटते आणि आहे तेही जातं. कॅसेट उभी ठेवा, कोरड्या जागी, आणि बाहेर टेबलावर वही ठेवलीय त्यात नाव-नंबर लिहून जा, मी फोन करीन. प्रश्न असतील तर घेऊया, हां काका, तुम्ही बोला, माइक तुमच्याकडे येतोय.