मूठ डोळे मिटून बघायची

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पिस्तुलाच्या मुठी : परदेशी लाकडं आणि त्यांचं फिनिशिंग’. फिनिशिंगवर येतोच. पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, कारण समोर निम्मे सुतार आणि निम्मे नेमबाज बसलेत आणि तक्रार दोघांविरुद्ध आहे.

आपल्याला लाकूड दिसलं की चकाकी हवी. देव्हारा असो नाहीतर पाळणा, वरून मेलामाइनचं चकचकीत पॉलिश मारल्याशिवाय काम झाल्याचं समाधानच नाही. देव्हाऱ्याचं ठीक आहे, देवाला तो हातात धरून नेम मारायचा नसतो. दहा मीटर एअर पिस्तुलाची पात्रता फेरी म्हणजे 60 गोळ्या, सव्वा तास, एकाच हातावर, मनगटाला कसलाही आधार नाही. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. शर्टाच्या बटणाएवढं समजा. तळव्याला घाम येतो, आणि मूठ तसूभर सरकली की दहाचा आठ होतो. म्हणून चांगली ग्रिप खरखरीत असते. लाकडावर बारीक खड्डे ठोकून तिला दाणा आणतात, ज्याला स्टिपलिंग म्हणतात.

आता किस्सा. सांगलीकडचे एक गृहस्थ. मुलगी नेमबाज, गुणी. तिच्यासाठी जुनं पण चांगलं पिस्तूल घेतलं, अक्रोडाची ग्रिप, दाणा एकदम झकास. घरात त्याच वेळी दिवाणाचं पॉलिश चाललेलं. बापाला वाटलं, पोरीची वस्तू कळकट दिसतेय, हीसुद्धा चमकवून घेऊ. पॉलिशवाल्यानं हौसेनं आधी काचकागद मारून सगळा दाणा सपाट केला, मग लाकडाची छिद्रं बुजवणारा सीलर, मग मेलामाइनचे हात. तुम्ही हसताय, पण मनातल्या मनात किती जणांनी “काय बिघडलं?” असं म्हटलंय ते मला इथून दिसतंय.

पोरगी माझ्याकडे आली. म्हणाली, “काका, ओला साबण धरल्यासारखं वाटतंय.” मागून वडील, “पण चकाकी बघा की काका, आरसाच!” मी त्यांना खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एका हातात ती ग्रिप, दुसऱ्या हातात माझ्याकडची एक जुनी, तेलकट, काळपट पडलेली ग्रिप दिली. म्हटलं, आता सांगा पोरीची कोणती. गृहस्थ बराच वेळ गप्प. मग जुनी वर केली आणि म्हणाले, “ही... पण दिसायला कशी आहे?” हे आपलं दुखणं! शेवटी मेलामाइन खरवडून काढलं आणि पंच घेऊन एकेक खड्डा परत ठोकला. खरवडण्यात लाकूडही थोडं गेलंच, म्हणजे तळव्याचं माप बिघडलं, मग लाकडाची पुट्टी भरा, परत कानस लावा. पुट्टी भरतानाही तोल सांभाळायचा, कारण पिस्तूल 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत बसलं नाही तर स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतात. तळव्याखालची फळी हौसेनं रुंद करणाऱ्यांनी तो 50चा आकडा पाठ करावा.

परदेशी लाकडांकडे वळू. अमेरिकेत कोल्ट 1911 या पिस्तुलाच्या दोन बाजूंना दोन फळ्या असतात, चार स्क्रूंवर बसणाऱ्या. मुळात त्या अक्रोडाच्या होत्या, चौकटीच्या नक्षीत स्क्रूभोवती सोडलेले हिऱ्याच्या आकाराचे कोरे तुकडे. पुढं प्लॅस्टिक आलं आणि हौशी लोक लाकडाकडे परत फिरले : मेक्सिको ते पनामा पट्ट्यातलं कोकोबोलो, आफ्रिकेतला आबनूस, आणि हो, आपला शिसवी! सह्याद्रीच्या जंगलातलं झाड तिकडं ‘परदेशी दुर्मीळ’ म्हणून मिरवतं. कोकोबोलो शिसवीचंच भावंड. नारिंगी-तांबड्या अंगावर काळ्या रेषा, बहुधा पाण्यात टाकलं तर बुडेल इतकं जड. भुकटी मात्र वाईट, अंगावर पुरळ उठतं. मास्क लावा, बाह्या खाली करा. ब्राझीलचा शिसवी 1992पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, त्याच्या वाटेला जाऊच नका. बाकी सगळं कुळ 2017पासून दुसऱ्या परिशिष्टात आलं. कोणी स्वस्तात ठोकळा देत असेल तर आधी कागद मागा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आता तुम्ही ज्यासाठी आलात ते, पळत पळत.

ग्रिप बसवताना पिस्तुलाच्या लोखंडी सांगाड्याला काजळ फासायचं आणि लाकडात दाबायचं. काळा डाग उमटेल तिथंच खरवडायचं, बाकी हात लावायचा नाही. तळव्यासाठी हेच, फक्त लिपस्टिक. घरी आधी विचारून घ्या. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला धरून ठेवा, आडव्या ठेवल्यात तर बोटांमागचा बारीक भाग एक दिवस हातात येईल.

मग 120, 220, 320 नंबरचे काचकागद, याच क्रमानं. मध्ये ओलं फडकं फिरवा, तंतू उभे राहतात, वाळले की परत घासा. दाणा ठोकायचा तो यानंतर, तेलाआधी.

अक्रोडाला उकळलेलं अळशीचं तेल, पातळ हात. पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा. दाण्यावर एकच हात, जास्त तेल दिलंत तर खड्डे भरतात आणि पुन्हा सांगलीचा किस्सा. शिसवी-कोकोबोलोवर मात्र अळशी वापरू नका. त्यांच्या अंगातलीच द्रव्यं तेल वाळू देत नाहीत, आठवडाभर चिकट राहतं. त्यांना 600 नंबरच्या कागदापर्यंत घासा, वाटलं तर लाखेचा एक पातळ हात, वर मेण, संपलं. चिकटवायचं असेल तर आधी ॲसिटोननं पुसून लगेच गोंद लावा.

मेलामाइन, पीयू, टचवूड, ही चकाकीची पॉलिशं : नाही, नाही, नाही.

आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशी वाळताना तापते, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. दोरीवर मोकळी पसरा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका. आता माइक देतो, नाहीतर पुढचे वक्ते उठून येतील.