एका मापाची आठ खोकी

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यातले कितीतरी जण आत्ता ज्या टेबलाशी बसून हे ऐकताय, त्याच टेबलावर दुपारी ऑफिस भरलं होतं. लॅपटॉप मिटला असेल, पण त्याची वायर अजून तिथेच लोंबत असेल. शेजारी मुलाची कंपासपेटी, दोन फायली, हेडफोन. आता जेवायला बसायचं तर हे सगळं उचलून ठेवायचं कुठे? पलंगावर. आणि झोपायच्या वेळी पलंगावरून पुन्हा टेबलावर. २०२० साली जगभरातल्या घरांमध्ये ही ने-आण सुरू झाली आणि पुष्कळ घरांत ती अजून थांबलेली नाही.

त्यावर उपाय म्हणून ज्याला मॉड्युलर फर्निचर म्हणतात, त्याबद्दल आज बोलायचं आहे. मॉड्युलर म्हटलं की काहींना चकचकीत कपाटं आठवतात, काहींना भिंतीतून बाहेर येणारा पलंग. खरा अर्थ साधा आहे. एका ठरावीक मापाचे सुटे भाग, आज असे जोडायचे, उद्या तसे. यातला महत्त्वाचा शब्द माप. पुन्हा सांगते, माप. आपल्या भाषेत खोली म्हणजे राहायची जागा, आणि कपाट भिंतीपासून पुढे किती येतं त्या मापालाही आपण खोलीच म्हणतो. ही दुसरी खोली चुकली की पहिली आखडते.

हे मी कोणाकडून शिकले, ते सांगते.

आमच्या घरातल्या एका मोठ्या खोलीत चौघांचा दिवस जायचा. मी, माझा नवरा, शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचा पलंगही तिथेच, कारण त्यांना माणसांत राहायला आवडायचं. आम्ही दोघं घरून काम करायला लागलो तेव्हा घाईघाईने भिंतीला ठोकून एल आकाराचं टेबल करून घेतलं. देखणं होतं. खाली खण, वर कपाटं. पण दुपारी ऊन थेट लॅपटॉपच्या पडद्यावर यायचं. दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी लागल्या की एकाने न्हाणीघरात जाऊन बोलायचं. आणि टेबल हलवायची सोय नाही, ते भिंतीचंच होऊन बसलेलं. शेवटी काढायला घेतलं तेव्हा पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळ्यांच्या, कडा फुटल्या आणि स्क्रूच्या भोकांतून भुसा गळायला लागला. एकही फळी पुन्हा वापरण्याजोगी निघाली नाही. तो ढीग बघून मला फार वाईट वाटलं होतं.

मग आमच्याकडे एक वयस्क सुतार आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मी वहीत नव्या टेबलाचं चित्र काढून तयार होते. काकांनी ते नीट पाहिलं, वही मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, हे मागून. आधी मला तुमचा दिवस बघायचा आहे."

दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्याची आठ खोकी घेऊन आले. सगळी कापून, चिकटपट्टी लावून एका मापाची केलेली. उंची ३६ सेंटिमीटर, रुंदी ३६, खोली ४५. आत वजनाला जुनी पुस्तकं भरायला सांगितली. वर ठेवायला दीड-दीड मीटरच्या दोन फळ्या दिल्या. आणि आमच्या मुलाच्या हातात खडू दिला. "आठ दिवस यांच्यावर काम करा," म्हणाले, "जिथे बरं वाटेल तिथे हलवा. पण हलवलं की जमिनीवर कोपरे आखायचे आणि बाजूला वेळ लिहायची. बाळा, हे काम तुझं."

नवऱ्याला हे पटलं नव्हतं. पण मुलाने खडू असा काही धरला की कोणी नाही म्हणू शकलं नाही.

चौथ्या दिवसापर्यंत जमीन भरून गेली. सकाळी नऊला माझं टेबल खिडकीशी. साडेअकराला हातभर आत, कारण पडद्यावर ऊन. तीन वाजता नवऱ्याचं टेबल पार दाराजवळ, कारण माझं बोलणं सुरू असायचं. पाचला मुलाने बसायला एक खोकं ओढून नेलेलं, त्याचा चौकोन वेगळाच. आणि रात्री आठला सगळी खोकी भिंतीशी एका ओळीत, फळ्या वर. रोज रात्री आठला. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ती खूण रोज त्याच जागी उमटत होती.

सहाव्या दिवशी सासूबाईंनी नातवाला जवळ बोलावलं. त्यांना वाकता येत नव्हतं. काठीच्या टोकाने त्या दाखवत गेल्या आणि तो त्यामागून रेघ ओढत गेला. त्यांच्या पलंगापासून दारापर्यंत, तिथून वळून न्हाणीघरापर्यंत. "रात्री उठते तेव्हा मी इथून जाते," म्हणाल्या, "एवढं मोकळं असलं तर बरं."

श्रोतेहो, त्या जुन्या टेबलाचा कोपरा बरोबर त्या रेघेवर येत होता. वर्षभर सासूबाई अंधारात हाताने तो कोपरा चाचपत वळसा घालून जात होत्या. एकदाही बोलल्या नव्हत्या. आणि त्याच टेबलाशी दिवसाचे नऊ-दहा तास बसणाऱ्या आम्हा दोघांना ते कधी दिसलं नव्हतं.

आठव्या दिवशी काका आले. जमिनीवर उकिडवे बसले आणि पुस्तक वाचावं तशा त्यांनी सगळ्या खुणा वाचल्या. सासूबाईंच्या रेघेशी सर्वांत जास्त थांबले. टेप काढून रेघेच्या दोन्ही बाजूंनी मोजलं आणि ९० सेंटिमीटरचा पट्टा आखला. "आधी हे," म्हणाले. "या पट्ट्यात काही येणार नाही. उरलेल्या जागेत बाकीचं बसवू."

मग त्यांनी प्लायची आठ खोकी केली, त्याच मापाची, पुढे दार असलेली. ३६, ३६ आणि ४५. आता हे ३६ कुठून आलं ते ऐका, कारण आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. एका खोक्यावर आठ सेंटिमीटरची गादी टाकली की ४४ झाले, म्हणजे बसायची उंची. दोन खोकी एकावर एक, ७२, वर दोन सेंटिमीटरची फळी, झाले ७४, म्हणजे लिहायच्या टेबलाची उंची. तीन खोकी आणि फळी, ११०. माझा नवरा उंच आहे, उभं राहून काम करायला त्याला हीच उंची लागते. एक खोकं बैठक, दोन खोकी टेबल, तीन खोकी उभ्याने काम. पुन्हा सांगते. एक बैठक, दोन टेबल, तीन उभ्याने. यात यंत्र नाही, पंप नाही, बटण नाही. आहे ते फक्त विचार करून ठरवलेलं माप.

खोकी एकमेकांना बोल्टने जोडायची. प्लायमध्ये काकांनी आट्यांच्या धातूच्या नळ्या बसवल्या होत्या, त्यामुळे बोल्ट शंभरदा काढला-लावला तरी लाकूड झिजत नाही. जुन्या टेबलात स्क्रू थेट बोर्डात घुसवलेले होते. पार्टिकल बोर्डात एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा त्याच भोकात तसा धरत नाही, म्हणून तो ढीग झाला होता. फळी मात्र कुठेच ठोकलेली नव्हती, चार लाकडी खुंट्यांवर नुसती बसायची. वजन दहा किलोच्या आसपास, मलाही एकटीला उचलता येईल एवढं. दिवसा दोन टेबलं. रात्री आठला फळ्या काढायच्या आणि दोन-दोन खोक्यांचे चार खांब भिंतीशी लोटायचे, ते सहज सरकावेत म्हणून काकांनी तळाला नमद्याचे, म्हणजे जाड लोकरी कापडाचे, तुकडे लावले होते. चार छत्तिसे एकशे चव्वेचाळीस, त्यावर दीड मीटरची फळी टाकली की ठेंगणं कपाट तयार. दुसरी फळी त्याच्या मागे उभी. लॅपटॉप आत, वायरी आत, दार बंद. ते दार बंद होण्याचा आवाज आमच्या घरात ऑफिस सुटल्याची घंटा झाला.

पुढे सासूबाई आजारी पडल्या तेव्हा दोन खोकी त्यांच्या उशाशी गेली, औषधांसाठी. मुलगा उंच झाला तसं त्याच्यासाठी एक टेबल कायमचं वेगळं झालं. खोकी तीच राहिली.

एक आणखी. काकांनी प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने माप, तारीख आणि बोल्टचा नंबर लिहून ठेवला होता. ही सवय मला अतिशय मोलाची वाटते. वस्तूच्या पाठीवर तिची माहिती असावी. पूर्वी फोटोंच्या मागे लोक लिहायचे, डावीकडून कोण, कुठे, कोणत्या साली. आता फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि आजोबांच्या शेजारी उभा असलेला माणूस कोण, हे सांगणारं घरात कोणी नाही. लिहून ठेवा हो. फोटोवर लिहा, फळीवर लिहा.

असो. वेळ बराच गेला, तेव्हा बाकीचं भराभर सांगते.

मापाची ही कल्पना काकांची एकट्याची नाही. मोठमोठ्या कल्पकांनी तीच धरली आहे. स्वीडनमध्ये १९४९ साली निस्से स्ट्रिनिंग यांनी तारेच्या शिड्यांवर टेकणारं पुस्तकांचं शेल्फ केलं, तेच 'स्ट्रिंग'. जर्मनीत डिटर राम्स यांनी १९६० मध्ये '६०६' नावाची मांडणी आखली. भिंतीला पट्ट्या, पट्ट्यांवर फळ्या, कपाटं, लिहायचं टेबल, हवं ते अडकवायचं. दोन्ही आजही बनतात. युरोपातल्या कपाट बनवणाऱ्यांनी तर भोकांमधलं अंतरच ठरवून टाकलं, ३२ मिलिमीटर. तुमच्या कपाटाच्या आत बाजूच्या फळीवर सरळ रेषेत भोकं असतील तर मोजून पाहा, बहुधा ३२ भरतील. या एका अंतरामुळे एका कारखान्याची बिजागरी दुसऱ्या कारखान्याच्या कपाटाला बसते.

आणि एक दुःखाची गोष्टही आहे. अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी ऑफिसचं हलवता येणारं फर्निचर आखलं. १९६४ मध्ये पहिलं, १९६८ मध्ये सुधारलेलं, 'ॲक्शन ऑफिस'. त्यांच्या मनात होते मोकळे, १२० अंशांत उघडणारे आडोसे, काम बदलेल तसे बदलणारे. कंपन्यांनी तेच आडोसे काटकोनात लावले, जागा वाचवली आणि माणसांना खुराड्यासारख्या चौकोनांत बसवलं. सामान हलणारं होतं, ते कोणी हलवलंच नाही. प्रॉप्स्ट यांना स्वतःला ते अजिबात रुचलं नव्हतं. म्हणून घडीचं, सरकतं असं काही घेताना एवढंच पाहा, रोज संध्याकाळी दमलेल्या हातांनी ते बदलता येईल का? सात कृती कराव्या लागल्या तर आठवड्याभरात ते एकाच स्थितीत अडकेल. दोन कृती चालतात. फार तर तीन.

खुर्चीवर मात्र तडजोड करू नका. खोकं बैठक म्हणून तासभर ठीक, आठ तासांसाठी पाठीला आधार देणारी, उंची बदलणारी खुर्चीच हवी. पाय जमिनीला टेकलेले, कोपर टेबलाच्या पातळीला. टेबलावर काच घालू नका, दिव्याचा उजेड डोळ्यांत येतो आणि हाताला गार लागतं. उघड्या फळ्या कमी आणि दारांचे कप्पे जास्त ठेवा. काम डोळ्यांआड झाल्याशिवाय ते संपल्यासारखं वाटत नाही, निदान मला तरी वाटत नाही. चाकं लावलीत तर ब्रेकची लावा, आणि चाकांची उंची हिशेबात धरा. पाच सेंटिमीटरचं चाक लावलं की ७४ चे ७९ होतात आणि खांदे वर चढतात.

नवीन काही घ्यायच्या आधी घरातल्या प्रत्येक पृष्ठभागाची उंची आणि खोली मोजून कागदावर लिहा. जे नवीन येईल ते त्यातल्या एका तरी मापाशी जुळायला हवं. उंची जुळली की दोन तुकडे एकत्र येतात. खोली जुळली की भिंतीशी सरळ ओळ लागते.

आणि शेवटची गोष्ट, ही कृपा करून विसरू नका. टेबलापेक्षा उंच काहीही रचलंत, तीन खोकी असोत की पुस्तकांची मांडणी, तर ते भिंतीला पट्टीने बांधा. लहान मुलं खणांना पायऱ्या समजून चढतात, आणि वरचं सगळं त्यांच्या अंगावर येतं. घरात असं काही सुटं उभं असेल तर उद्यावर टाकू नका. आजच बांधा.

नमस्कार.