काका, नोकरी कुठं केलीत?

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात कोळशाची एकही खाण नाही. तरीही खाणकामगारांच्या फुप्फुसांबद्दल आज इथून बोलणार आहे, कारण बल्लारपूर, वणी, उमरेडच्या खाणींत हयात घालवलेली माणसं निवृत्तीनंतर मुलांकडे राहायला येतात, कुणी वाकडला, कुणी चिंचवडला. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्यांतली काही माझ्याकडे येतात.

मागे असेच एक काका आले, सत्तरीतले. जिना चढला की धाप, सकाळी खोकल्याची उबळ. "पुण्याची हवा मानवत नाही यांना," सून म्हणाली. एका ठिकाणी क्षयाची औषधं सहा महिने देऊन झाली होती. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. फाइल चांगली जाडजूड. पण काकांनी आयुष्यभर काम काय केलं, ते तिच्यात कुठंच नव्हतं. मी विचारलं. "अंडरग्राउंडला होतो जी, २८ वर्षं. ड्रिलवर."

रोग्याला त्याचा धंदा विचारा, असं इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं आहे. अजूनही आम्ही डॉक्टर ते विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

जाड धूळ नाकात, घशात अडकते आणि बेडक्यातून बाहेर पडते. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण मात्र थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. तिथल्या पेशी ते गिळतात, पण कोळसा काही पचत नाही. कणांभोवती व्रण धरतात. बहुधा दहाएक वर्षं माणसाला काही जाणवत नाही. पुढे काहींमध्ये बारीक गाठी एकत्र येऊन मोठे गोळे होतात आणि हे खाण सोडल्यावरही वाढू शकतं. घरचे बिडीला दोष देतात. बिडी वाईटच, ती सोडायलाच हवी. पण बिडीला कधी न शिवलेल्यालाही नुसत्या कोळशाच्या धुळीनं दम्यासारखी धाप लागते.

ड्रिलवाल्याचं आणखी वेगळं. तो दगडही फोडतो, त्यातली सिलिका, म्हणजे वाळूत-गारेत असतं त्या खनिजाची धूळ, छातीत जाते आणि सिलिकानं क्षयाचा धोका वाढतो. म्हणून क्षयाची शंका घेणं चूक नव्हतं. तिथंच थांबणं चूक होतं.

व्रण पडलेलं फुप्फुस पुन्हा मऊ करणारं औषध नाही. श्वासाचे व्यायाम, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, गरज पडली तर घरी ऑक्सिजन, एवढं आपल्या हातात आहे. आणि कायदाही आहे. १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार), अँथ्राको-सिलिकोसिस (कोळसा आणि सिलिका दोन्हींच्या धुळीनं होणारा) हे कामामुळे होणारे आजार म्हणून नोंदलेले होते; आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहेत. तेव्हा नोकरीचे कागद रद्दीत घालू नका. भोसरीच्या फाउंड्रीत वाळूचे साचे करणाऱ्यांनी, वाघोलीच्या खडी क्रशरवर राबणाऱ्यांनीसुद्धा डॉक्टरांना आपलं काम न विचारता सांगावं.

खाणीत दर पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीचे काकांचे जुने एक्स-रे गावी ट्रंकेत पडून आहेत. दिवाळीत मुलगा ते घेऊन येणार आहे. आताच्या एक्स-रेशेजारी ते लावून बघायचे आहेत.