आधी खिडकी, मग कापड

(चित्र: पुण्यातल्या एका सोसायटीची पश्चिमेकडची भिंत. एकाखाली एक खिडक्या, काचांवर उन्हाचा लखलखाट.)

मे महिना. दुपारचे चार वाजलेत. या भिंतीवरच्या प्रत्येक खिडकीला सज्जा आहे, पण या वेळी त्याचा उपयोग नाही. सूर्य इतका कलला आहे की ऊन सज्ज्याखालून सरळ आत शिरतं आणि पलंगापर्यंत पोचतं.

आता इमारतीला वळसा घालून दक्षिणेकडे जाऊ. इथल्या खिडक्या सावलीत आहेत. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलै संपत येईपर्यंत भर दुपारी तो किंचित उत्तरेलाच असतो. दक्षिणेच्या खिडकीत ऊन येतं ते हिवाळ्यात. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 48 अंशांपर्यंत चढतो, आणि तेव्हाचं ऊन आपल्याला घरात हवंच असतं.

एकाच घरातल्या दोन खिडक्यांची ही तऱ्हा. तरीही पडद्यांसाठी बहुतेक वेळा एकच कापड घेतलं जातं आणि सगळीकडे तेच टांगलं जातं.

(चित्र: कापडाचं दुकान. नमुन्यांची जाडजूड पुस्तकं उलटली जात आहेत.)

दुकानात कापड टेबलावर पसरून दाखवतात, वरून दिव्यांचा झगझगीत उजेड. घरात मात्र तेच कापड उभं लटकणार आणि उजेड त्याच्या पाठीमागून येणार. टेबलावर भारदस्त दिसणारा मरून खिडकीत विटकरी दिसू शकतो. विणीतली विरळ जागा उजेडासमोर धरल्याशिवाय कळत नाही. म्हणून नमुना मागून घरी न्यावा, खिडकीच्या गजाला चिमट्याने अडकवावा, आणि सकाळी, दुपारी, ट्यूबलाइट लागल्यावर असा तीनदा पाहावा. नमुना द्यायला दुकानदार तयार नसेल, तर अर्धा मीटर विकत घ्यावा. तेवढा खर्च वाया जात नाही.

पश्चिमेच्या खिडकीसाठी रेशीम घेऊ नका, कितीही मनात भरलं तरी. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेशमाचा धागा पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि चुण्यांच्या घडीवर चिरतो. सुती कापड त्यापेक्षा टिकतं, पण गडद रंग विटतात. आवडीचं कापड वाचवायचं असेल तर पाठीमागे अस्तर लावा, पांढरं किंवा मोतिया. अस्तर उन्हाचा मारा स्वतःवर घेतं आणि थोडं ऊन काचेतून परत बाहेर फेकतं. थोडंच, कारण काच ओलांडून आत आलेली उष्णता बहुतांशी घरातच राहते. विदर्भात वाळ्याचे पडदे खिडकीच्या बाहेरून टांगून त्यांवर पाणी मारतात. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं, हे त्या लोकांनी किती नेमकं ओळखलं होतं! बाल्कनी असेल तर बाहेर बांबूची चिक आणि आत साधा सुती पडदा, ही जोडी मला कुठल्याही महागड्या कापडापेक्षा सरस वाटते.

(चित्र: शिवणकामाची खोली. मास्तर जमिनीवर कापड अंथरून टेप लावत आहेत.)

आता मापं. इथे घाई करू नये. खिडकी 6 फूट रुंद आहे, म्हणजे 72 इंच. दांडा दोन्ही बाजूंना 6-6 इंच पुढे न्यायचा, म्हणजे सरकवलेला पडदा काचेवर न थांबता भिंतीवर गोळा होतो. दांडा झाला 84 इंच. चुण्या नीट पडायला कापड त्याच्या दुप्पट हवं, म्हणजे 168 इंच. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 48 इंच धरला तर साडेतीन पन्हे लागतात, म्हणजे घ्यायचे चार. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. दांड्यापासून फरशीपर्यंत 84 इंच, त्यात वरची घडी आणि खालची दुमड यांचे मिळून 12 इंच. एकेक तुकडा 96 इंचांचा, चार तुकड्यांचे पावणेदहा मीटर.

कापडावर मोठी फुलं असतील तर हिशेब बदलतो. नक्षी दर 25 इंचांनी फिरून येत असेल, तर जोडावर फूल फुलाशी जुळायला प्रत्येक तुकडा 100 इंचांचा कापावा लागतो, आणि कापड जातं सव्वादहा मीटरपर्यंत. कापड वाचवायला एक पन्हा कमी घेतला, तर ओढल्यावर पडदा दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. त्यापेक्षा स्वस्त कापड घ्या, पण भरपूर घ्या.

आणि सुती असेल तर आधी धुवा. चार टक्के आटलं तरी 84 इंचांचा पडदा सव्वातीन-साडेतीन इंच वर जातो. फरशीपासून एक इंच अंतर ठेवायला हरकत नाही, कारण आपल्याकडे फरशी ओल्या फडक्याने रोज पुसली जाते. पण चार इंच वर गेलेला पडदा आखूडच दिसतो.

(चित्र: पाऊस. कोकणातलं घर, उघडी खिडकी, दमट पडदा.)

पावसाळ्याचा विचार दुकानात कोणी करत नाही. सर्वसाधारण हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतं, लिनन बारा टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. कोकणात, समुद्राकाठी, महिनोन् महिने न वाळणाऱ्या भिंतीशेजारी जाड सुती पडदा अस्तरासकट लावला की मागून बुरशीचे काळे ठिपके येतात. तिथे पॉलिएस्टर मिसळलेलं पातळ कापड घ्यावं, आणि पडदा भिंतीला चिकटणार नाही असा पुढे आलेला ब्रॅकेट. स्वयंपाकघरात मात्र पॉलिएस्टर नको. गॅसजवळ ते वितळून अंगाला चिकटतं. तिथे आखूड सुती पडदा, शेगडीपासून लांब.

उत्तरेच्या खिडकीला ऊन कमी, तिथे मनासारखं काहीही लावा. कपाटातली आईची सहावारी सुती साडी इथे छान चालते. साडेपाच मीटरांत सात फुटी दोन पडदे निघतात, आणि आडव्या पन्ह्यामुळे दोन्ही कडांना काठ आयते मिळतात.

(चित्र: मास्तर पडद्याच्या वरच्या पट्टीत बकरम, म्हणजे ताठपणा देणारं कडक कापड, घालत आहेत.)

वरच्या पट्टीचं सांगायचं तर, रिंगचे पडदे सहज सरकतात आणि घरच्या घरी काढून धुता येतात. बकरम घालून शिवलेल्या प्लेट, म्हणजे पक्क्या चुण्या, अधिक नेटक्या दिसतात, पण त्यांना हूक आणि ट्रॅक लागतो. रोज दहादा उघडणाऱ्या सरकत्या दाराला मी रिंगच सुचवेन.

शिवायला देताना मास्तरांना एक सांगून ठेवा: खालची दुमड आधी कच्ची टाचा. कापड टांगलं की स्वतःच्या वजनाने ओघळतं, सैल विणीचं तर जास्तच. दोन दिवस जागेवर लटकू द्या, मग खालून माप घेऊन पक्की टीप घालायला सांगा. मास्तरांना एक फेरी जास्त पडेल. तिचे पैसे आधीच ठरवा आणि आनंदाने द्या.