चालवणार कोण? (पहिली माउंटन बाइक घेताना)

नमस्कार. मागे कशाला बसताय, पुढे या की, आज मी कोणाला सायकलवर बसवणार नाहीये. विषय फळ्यावर लिहिलाय तोच, बायकांनी पहिली माउंटन बाइक कशी निवडावी. अध्यक्षबाईंनी मला 40 मिनिटं दिलीत, त्यातली बरीच दीपप्रज्वलनात गेली कारण पंखा बंद करायला कोणी उठेना, तर उरलेल्यात भागवू.

पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की बाई, आपण समुद्राला राहतो, इथे कसली माउंटन बाइक. अगो, देवगडातून कुणकेश्वरला जा, तिथून मिठबावला जा, खाडीपासून सड्यावर चढा, सड्यावरून परत खाडीत उतरा, परत चढा, संध्याकाळी घरी येऊन मला सांगा डोंगर कुठे आहे ते. वर सड्यावर कातळ, कातळावर सुटी तांबडी खडी, बागेत उतरायच्या वाटा जांभ्याच्या, आणि पावसाळ्यात त्या जांभ्यावर शेवाळ. तिथे बारीक टायरची सायकल घसरते, सव्वादोन इंची टायर हवा थोडी कमी ठेवली की धरून राहतो, एवढंच साधं आहे ते. आणि सड्याचं निघालंच आहे तर एक विनंती करते, कातळशिल्पांवरून चाकं नेऊ नका. आपल्या कुडोपीची कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि परवा तिथे कोणीतरी रील काढायला मोटारसायकल घातलेली बघितली मी. असो, तो वेगळा विषय, त्यावर बोलले तर दुसरी सभा लागेल.

हे सायकलचं वेड सुरू कुठे झालं माहितीये? अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंट तमाल्पाइस म्हणून डोंगर आहे, तिथली पोरं 70 च्या दशकात जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटेने खाली सुटायची. 1976 मध्ये त्यांनी रीतसर शर्यत सुरू केली. मागच्या चाकात पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक, तो उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरायला लागायचं. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाई होती, चालवायचीही आणि फोटोही काढायची, त्या काळातले कितीतरी फोटो तिचेच आहेत. पुढे 1996 ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तेव्हा पुरुषांची आणि बायकांची शर्यत एकाच वर्षी सुरू झाली, बायकांमध्ये इटलीची पाओला पेत्झो जिंकली, 2000 ला सिडनीतही तीच. म्हणजे बायका या खेळात मागाहून आलेल्या नाहीत. दुकानदारांना मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही.

आता ते दुकान. नाव घेत नाही, गावही सांगत नाही, तुम्ही ओळखालच. माझ्या धाकट्या जावेला सायकल घ्यायची होती. ही बाई हंगामात आंब्याची भरलेली पेटी डोक्यावर घेऊन घाटी चढते, मध्ये थांबून शेजारणीशी पेटी न उतरवता गप्पा मारते. वजन असेल 46-47 किलो, उंची पाच फुटाला जरा कमीच. आम्ही दोघी गेलो, सोबत माझा मुलगा, दहावीतला, त्याला फक्त मोबाईलचं कव्हर हवं होतं शेजारच्या दुकानातून. दुकानदाराने आम्हाला बघितलं, मुलाला बघितलं, आणि सगळी माहिती मुलाला द्यायला सुरुवात केली. एकवीस गिअर, डबल डिस्क, अमुक तमुक, आणि आमचा कुलदीपक मोबाईलमधून मान वर न करता हं हं करतोय. मग मध्येच आमच्याकडे वळून म्हणाला, मॅडमना लेडीज मॉडेल दाखवू का, टोपली फ्री आहे. (हशा) हसताय काय, जांभळ्या रंगाची टोपली होती, वर प्लास्टिकचं फूल!

जावेने भिंतीशी ठेवलेली काळी हार्डटेल दाखवली, म्हणजे पुढे सस्पेन्शन आणि मागे नाही, तशी. तर म्हणे नको, मॅडमना जड होईल, 14 किलो आहे. ती काही बोलली नाही. पदर खोचला, एका हाताने सायकल उचलली आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली. तरी हा मुलालाच विचारतोय, घरात अजून कोण चालवणार? तेव्हा मात्र ती फुटली, "चलवची माका आसा, तुमी तेका कित्याक इचारतास?" दुकानातला हवा भरणारा पोरगा पंपासकट हसला.

पण खरी गंमत पुढे. दुकानदाराने हँडलवर दोन्ही हात ठेवले, पोटाचा सगळा भार टाकला आणि फॉर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा, दाबून दाखवला, बघा कसा मऊ दबतो. आता तो माणूस असेल नव्वद किलोचा. जावेने तसंच दाबलं. काही नाही. उडी मारून दाबलं. फॉर्क जेमतेम नखभर आत गेला. आणि ती चालवून बघते म्हणाली तर उत्तर काय, टायर खराब होतील. अहो, माउंटन बाइकचे टायर! आम्ही उठलो. मुलगा म्हणाला कव्हर राहिलं, त्यालाही ओढून नेला. नंतर तिने दुसरीकडून घेतली, चालवून बघून घेतली, आणि आता बाजाराला निघाली की आमचे दीर मागून स्कूटरने तिची पिशवी आणायला जातात.

अध्यक्षबाई घड्याळ दाखवतायत. वस्तीची एसटीही गाठायचीय काहीजणींना, मान्य. भरभर सांगते, लिहून घ्या.

माझं म्हणणं एकच आहे, सायकल चालवणारीच्या अंगाला बघून घ्यायची, आणि पैसे आधी मापात आणि ब्रेकमध्ये घालायचे, सस्पेन्शन आणि गिअरचे आकडे मागाहून. माप म्हणजे फ्रेमचं. दांडी दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन, पाय जमिनीवर टेकून उभं राहायचं, अंग आणि दांडी यांच्यात निदान दोन इंच मोकळे राहिले पाहिजेत. पाच फुटाच्या आसपासच्या बायकांनी एक्सएस किंवा एस बघा, आणि चाक 27.5 इंची, 29 इंची चाक खडीवरून सहज जातं खरं पण बुटक्या बाईच्या लहान फ्रेममध्ये ते अवजड होतं. नवऱ्याची जुनी मोठी सायकल सीट खाली करून चालवू नका, सीट खाली जाते पण हँडल लांबच राहतं, मग मान आणि पाठ ओरडते.

ब्रेक हायड्रॉलिक डिस्क घ्या, म्हणजे चाकाच्या मधली तबकडी तेलाच्या दाबाने धरणारे, परवडत असतील तर. आपल्या उतारावर तारेचे ब्रेक दाबून दाबून पंजे दुखतात, हायड्रॉलिक एका बोटाने लागतात. आपले हात लहान, तर लिव्हर जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो तो दुकानातच फिरवून घ्या. आणि कोणता हात पुढच्या चाकाचा ते निघायच्या आधी बघा, उतारावर कळून उपयोग नाही.

फॉर्क. स्वस्त फॉर्कमध्ये स्प्रिंग असते, ती बहुतेक जड माणसाला धरून बसवलेली, म्हणून जावेला दबेना. एअर फॉर्कमध्ये हवा कमी-जास्त करून आपल्या वजनाला लावता येतो, पण तो महाग. नाही परवडला तर स्प्रिंगवालाच घ्या, फक्त सस्पेन्शनच्या स्टिकरवर भाळू नका. स्वस्तातली पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली तर मुळीच नको, नुसतं वजन.

गिअर एकवीस की नऊ, मोजत बसू नका. मागचं सर्वात मोठं चक्र किती दातांचं ते विचारा, 34 किंवा जास्त असेल तर घाटी चढेल. सीट बायकांची थोडी रुंद लागते, बसायची हाडं रुंद असतात म्हणून, मऊ गादी नव्हे, रुंद. अशी बरी गाडी साधारण 25 ते 35 हजारांत येते, हेल्मेट, पंप, जादा ट्यूब त्यातच धरा.

आणि शेवटचं, खारं वारं. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवरून चालवायला मजा येते, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, चेन पुसून चेनचंच तेल घालायचं. खोबरेल नाही, डिझेल नाही. आमच्या शेजारच्या काकांनी प्रेमाने, कुरकुरते म्हणून, डिस्कवर तेल सोडलं होतं. आवाज थांबला आणि ब्रेकही थांबला, पॅड नवीन घालावे लागले.

चहा आलाय वाटतं, प्रश्न तिथेच विचारा. माझी गाडी व्हरांड्यात आहे, उचलून बघा, फॉर्क दाबून बघा, फक्त भजी खाल्लेल्या हाताने डिस्कला हात लावू नका.