उरलेल्या पेशींसाठी जनुक: मांजरांच्या फायब्रोसार्कोमावरचा उपचार

जनुकोपचार म्हटलं की गाठीच्या प्रत्येक पेशीत शिरायचं आणि बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं, असंच बहुतेकांच्या मनात येतं. मांजरांच्या कर्करोगात जो जनुकोपचार प्रत्यक्ष दवाखान्यापर्यंत पोचला, तो या वाटेनं गेलेला नाही. गाठीतल्या सगळ्या पेशींपर्यंत जनुक पोचवणं आजही जमत नाही आणि ज्या सुटतात त्यातूनच गाठ पुन्हा उभी राहते. म्हणून गाठ आधी कापून काढायची आणि त्या जागेच्या पेशींकडून काही दिवस रोगप्रतिकारशक्तीला हाक देणारं प्रथिन बनवून घ्यायचं, असा हा मार्ग आहे. आज मी प्रामुख्यानं यावरच बोलणार आहे.

आधी आजार समजून घेऊ. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८७ साली मांजरांना रेबीजची लस सक्तीची झाली. पुढं १९९१ साली तिथल्याच विद्यापीठातल्या हेन्ड्रिक आणि गोल्डश्मिट या विकृतिशास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिलं, की लस टोचलेल्या जागीच फायब्रोसार्कोमाच्या, म्हणजे संयोजी ऊतींच्या कर्करोगाच्या, गाठी वाढताहेत. टोचलेल्या जागी दीर्घकाळ राहिलेला दाह हे मूळ मानलं जातं. लसच असायला हवी असंही नाही, इतर इंजेक्शनांच्या जागीही ही गाठ झालेली आहे. साधारण दहा हजार टोचण्यांमागं एक ते दहा मांजरं, असे अंदाज मांडले गेले आहेत. प्रमाण कमी आहे, पण गाठ फार चिवट. हाताला ती गोटीसारखी लागते, प्रत्यक्षात तिचे धागे स्नायूंच्या पापुद्र्यांमधून हरळीसारखे दूरवर गेलेले असतात.

म्हणून नुसती वरून दिसणारी गाठ सोलून काढू नका. यात सगळ्यात मोठं नुकसान पहिल्याच शस्त्रक्रियेत होतं. टोचल्यानंतर गाठ तीन महिन्यांहून जास्त टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा एक महिना उलटल्यावरही वाढतच राहिली, तर बायोप्सी करायची. यातली एक गोष्ट जरी दिसली तरी पुरे. बारीक सुईनं ओढलेल्या नमुन्यावर इथं विसंबून राहता येत नाही, कारण नुसता दाह आणि सार्कोमा त्यात सहज वेगळे ओळखू येत नाहीत. गाठीचा छोटा तुकडा घ्या आणि छेद अशा जागी द्या, की पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ती वाटही कापून निघेल. मग कॉन्ट्रास्ट (गाठ ठळक दाखवणारं औषध) देऊन सीटी स्कॅन. हाताला लागते त्यापेक्षा गाठ बहुधा मोठीच निघते. छातीचाही स्कॅन त्याच वेळी उरकून घ्यावा, कारण ही गाठ फुफ्फुसात पसरू शकते. शस्त्रक्रियेत गाठीसोबत चारही बाजूंचा पाच सेंटिमीटर निरोगी भाग आणि खोलीतले दोन पापुद्रेही कापून काढायचे. खांद्यांच्या मधल्या गाठीत त्यासाठी कण्याच्या मणक्यांची वरची टोकं आणि खांद्याच्या हाडाचा काही भागही काढावा लागतो. काढलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावूनच तो प्रयोगशाळेत पाठवा. शाई नसेल तर कडा स्वच्छ आहे की नाही, हे विकृतिशास्त्रज्ञाला सांगता येत नाही.

एवढं करूनही पेशी उरतात, आणि जनुकोपचाराचं काम तिथून सुरू होतं. युरोपात २०१३ साली मान्यता मिळालेल्या ऑन्सेप्ट आयएल-२ या औषधात कॅनरीपॉक्स विषाणू वाहक म्हणून वापरला आहे आणि त्यात मांजराचं इंटरल्यूकिन-२ या, रोगप्रतिकारशक्तीला हाक देणाऱ्या प्रथिनाचं जनुक बसवलं आहे. हा पक्ष्यांचा विषाणू. सस्तन प्राण्याच्या पेशीत तो शिरतो, आपली प्रथिनं बनवतो, पण त्याची पुढची पिढी तयार होत नाही. त्याचा डीएनए पेशीद्रवातच राहतो, मांजराच्या गुणसूत्रांत घुसत नाही. हाच त्याच्या सुरक्षिततेचा पाया, आणि मर्यादाही हीच: प्रथिन थोडेच दिवस बनतं, म्हणून मात्रा पुन्हा पुन्हा द्यावी लागते. इंटरल्यूकिन-२ टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी या रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं. तेच प्रथिन शिरेतून दिलं तर फार लवकर रक्तातून नाहीसं होतं, आणि मात्रा वाढवली तर रक्तवाहिन्या पाझरू लागतात. जागेवरच बनवून घेण्याचा खटाटोप त्यासाठी.

द्यायची पद्धत नीट लक्षात ठेवा. भुकटी सोबतच्या द्रावणात हलक्या हातानं मिसळून लगेच वापरायची, दुसऱ्या कुठल्याही औषधात मिसळायची नाही. मात्रा १ मिलिलिटर, त्यात किमान दहा लाख संसर्गक्षम एकक. शस्त्रक्रियेच्या जागेवर पाच सेंटिमीटर बाजूचा चौकोन कल्पायचा, त्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी मिळून पाच ठिकाणी कातडीखाली प्रत्येकी सुमारे ०.२ मिलिलिटर द्यायचं. आठवड्याच्या अंतरानं चार वेळा, मग दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन वेळा, म्हणजे दिवस ०, ७, १४, २१, ३५ आणि ४९. पहिली मात्रा किरणोपचाराच्या आदल्या दिवशी, शक्यतो शस्त्रक्रियेपासून महिन्याच्या आत. घाईत सगळं एकाच ठिकाणी टोचलं तर परिणाम घटतो, कारण विषाणू टोचलेल्या जागेपासून दूर पसरत नाही. टोचलेली जागा सुजते, दुखते, मांजर ती खाजवतं. ताप ३९.५ अंशांच्या वर जाऊ शकतो. हे सहसा आठवड्याभरात ओसरतं. त्या काळात स्टेरॉईड चालू असेल, तर ज्या टी-पेशींना जागं करायचं त्याच दाबून ठेवल्यासारखं होतं, हे कागदपत्रं तपासताना बघा.

हे औषध दोन ते पाच सेंटिमीटरच्या, लसीकाग्रंथीत किंवा दूरवर न पसरलेल्या गाठीसाठी आहे, आणि शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या जोडीला. याचे जे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, त्यात शस्त्रक्रिया आणि किरणोपचार एवढंच मिळालेल्या मांजरांत गाठ परत येण्याचा मध्यकाळ, म्हणजे निम्म्या मांजरांत ती परत येईपर्यंतचा काळ, २८७ दिवस होता. जनुकोपचाराची जोड मिळालेल्यांत तो ७३० दिवसांच्या पुढं गेला. हा फरक मोठा आहे. पण न कापलेल्या मोठ्या गाठीवर नुसतं हे औषध टोचून असाच गुण येईल, असा अर्थ त्यातून काढणं चूक आहे. किरणोपचार परवडत नाही म्हणून तो वगळून हेच द्या, असं मालक विचारतील. त्यांना स्पष्ट सांगा, की तशा वापराची कसोटी या अभ्यासांत झालेली नाही.

दुसऱ्या वाटाही चाचपल्या गेल्या. जर्मनीतल्या म्युनिकच्या विद्यापीठात जनुकाचं प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) चुंबकीय सूक्ष्मकणांना जोडून शस्त्रक्रियेआधी गाठीत टोचलं आणि वर चुंबक धरून ते तिथंच रोखलं. अमेरिकेतल्या २००७ सालच्या एका चाचणीत इंटरल्यूकिन-१२चं जनुक उष्णतेनं चालू होणाऱ्या स्विचला जोडून अडेनोविषाणूतून गाठीत घातलं आणि नंतर गाठ शेकून ते चालू केलं. कल्पना सुंदर होती. मात्र मात्रा वाढवताच रक्तपेशी आणि यकृत यांवर दुष्परिणाम दिसले.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. मांजराच्या गाठीच्या पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवा आणि तळाचा ७० ते ८० टक्के भाग भरला की लिपिडमधून (स्निग्ध कणांतून) प्लाझ्मिड द्या. जनुक पेशीत शिरल्याची खूण म्हणून हिरवं चमकणारं प्रथिन २४ ते ४८ तासांनी मोजा. सोबत रिकामं प्लाझ्मिड दिलेल्या पेशी हव्यात, नुसतं लिपिड दिलेल्या हव्यात आणि काहीच न दिलेल्याही हव्यात. इंटरल्यूकिन-२चं जनुक घातलं तरी डबीतल्या गाठीच्या पेशी मरत नाहीत, आणि त्या मराव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे, कारण ज्यांना ते चेतवतं ते लिम्फोसाइट (टी-पेशींसारख्या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) तिथं नाहीत. रिकाम्या प्लाझ्मिडनंही पेशी मरत असतील तर ती लिपिडची विषबाधा समजा, किंवा प्लाझ्मिडमध्ये राहून गेलेल्या जिवाणूच्या एंडोटॉक्सिन या विषाची. प्रथिन मोजायला माणसाचं किट घेऊ नका, मांजराच्या प्रथिनासाठीचंच घ्या. ते प्रथिन काम करतं का, हे मांजराच्या लिम्फोसाइटवर तपासा. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूसाठी पीसीआर (डीएनए ओळखणारी चाचणी) नियमित करा. त्याची लागण डोळ्यांना दिसत नाही आणि आकडे मात्र सगळे बिघडवते. आणखी एक जोखीम खास मांजराची आहे. मांजराच्या गुणसूत्रांतच आरडी-११४ नावाचा रेट्रोविषाणू वंशपरंपरेनं आलेला असतो आणि सीआरएफके या, प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मांजराच्या मूत्रपिंडाच्या प्रसिद्ध पेशीवाणातून तो बाहेरही पडतो. अशा पेशींत वाहक विषाणू वाढवला तर हाही सोबत येऊ शकतो. तपासणी केल्याशिवाय तो साठा प्राण्याला टोचायचा नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात रेबीजचा धोका खरा आहे, त्यामुळं या गाठीच्या भीतीनं लस टाळणं मला अजिबात मान्य नाही. मांजराला चाटा, ओरखडा, चावा या वाटेनं रेबीज होतो आणि त्यावर उपाय नाही. बदलायची आहे ती टोचण्याची जागा. मानेमागं, खांद्यांच्या मध्ये टोचू नका. रेबीजची लस उजव्या मागच्या पायात, गुडघ्याच्या खाली टोचा. गाठ झालीच तर पाय काढून रुंद कड मिळवता येते, खांद्यांच्या मध्ये ती सोय नाही. कार्डावर दर वेळी लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कुठल्या पायात टोचली ते लिहा, आणि महिन्यानं ती जागा बोटांनी चाचपून बघायला मालकाला दवाखान्यातच शिकवा.